सहा महिन्यांचं पातं

“हलू नका हं, अप्पा,” चिरंजीव म्हणाले.

सूचनेची गरज नव्हती. अर्धांगाचा झटका आल्यापासून अप्पांची मान हलत नव्हती, जीभ हलत नव्हती. हलत होती ती डोळ्यांची बुबुळं आणि डाव्या हाताचं एक बोट. बुबुळं सध्या रेझरवर खिळली होती.

चिरंजीवांनी काचेच्या पेल्यात पातं घातलं, आतल्या बाजूला बोटाने दाबलं आणि वीस वेळा इकडे, वीस वेळा तिकडे घासलं. ही पद्धत अप्पांची. एक पातं सहा महिने पुरवणारा माणूस म्हणून कचेरीत त्यांचा दबदबा होता. नातलगांत कुणी नवे पडदे घेतले तरी अप्पा पात्यापासून सुरुवात करत आणि तासाभराने पडद्यांपर्यंत पोचत. “घासा, पुसा, तेलाचा थेंब लावा,” ते म्हणत. “बिघडतं ते पातं नव्हे, माणसाची नियत!”

न्हाणीघराच्या भिंतीवर त्यांनी एक पत्र्याचा डबा स्क्रूने पक्का बसवला होता. झाकण कायमचं बंद, वर एक अरुंद फट, आणि पुढे तेलरंगात अक्षरं: बचत. रोज आतून कडी लावून दाढी करायची आणि न बदललेल्या पात्याच्या नावाने फटीत एक नाणं टाकायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. बाहेर घरच्यांना ‘चिक्’ असा आवाज यायचा.

“नाण्याचा आवाज इतका बारीक?” सूनबाईंनी नव्या असताना एकदा विचारलं होतं.

“हल्ली नाणीच हलकी पाडतात,” अप्पा म्हणाले होते, आणि त्यावर वीस मिनिटं बोलले होते.

चिरंजीवांना अठराव्या वर्षी अप्पांनी एक रेझर आणि एक पातं दिलं. सहा महिन्यांसाठी. सातव्या आठवड्यात चिरंजीवांनी रक्तबंबाळ होऊन हात टेकले आणि दाढी वाढवली. तिला आता पंचवीस वर्षं झाली. जेवताना अप्पा कधीतरी तिच्याकडे बघून उसासा सोडत. बोलत काही नसत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं चिरंजीवांना वाटे.

म्हणूनच झटक्याच्या दिवशी रेझरमध्ये जे पातं होतं, तेच पुढे चालवायचं, हे चिरंजीवांनी मनाशी पक्कं केलं होतं. एक दिवस अप्पा उठून बसतील, विचारतील, आणि आपण म्हणू, हे घ्या, तेच आहे. जन्मात एक तरी गोष्ट त्यांच्यासारखी जमायला हवी होती.

अप्पांना दवाखान्यातून घरी आणल्याला आज एकसष्टावा दिवस होता.

चिरंजीवांनी फेस लावला आणि रेझर गालावरून खाली ओढला. खर्रर्र असा आवाज झाला. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

“बघ, कसे गहिवरलेत,” चिरंजीव हळूच म्हणाले.

“गहिवरतायत कसले? सोलताय तुम्ही त्यांना!” टॉवेल धरून उभ्या असलेल्या सूनबाई म्हणाल्या. “अहो, एक नवं पातं आणा की कोपऱ्यावरून.”

“आणि ते बरे झाल्यावर त्यांना काय तोंड दाखवू?”

“तोंड दिसतंय कुठे तुमचं? सगळी दाढीच तर आहे.”

“डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?”

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी अप्पांच्या गालावरचे ओरखडे बघून भुवया उंचावल्या होत्या. चिरंजीवांनी पात्याची हकीगत सांगितली. डॉक्टरांनी स्वतःच्या हनुवटीवरची चिकटपट्टी चाचपली. “मलाही त्यांनीच शिकवलं,” ते आदराने म्हणाले. “नेम मोडू नका. पेशंटला धीर वाटतो.”

“ब…” अप्पांच्या घशातून आवाज आला. “ब… ब…” एक बोट अंथरुणावरून वर आलं आणि न्हाणीघराच्या उघड्या दाराकडे वळलं.

रोज एवढंच व्हायचं.

“बचत,” चिरंजीवांनी शब्द पुरा केला. “हो अप्पा, विसरलो नाही. टाकतो तुमच्या नावाने नाणं.”

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

दुसरा गाल, हनुवटी आणि गळा उरकून चिरंजीव न्हाणीघरात गेले. एरवी त्यांचं नाणं ‘टण्’ वाजायचं. अप्पांचा हातच हलका, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आज ते वाजलंच नाही. अर्धं आत जाऊन फटीतच अडकून बसलं.

“अगं, डबा भरला!” ते ओरडले. “काठोकाठ! तीस वर्षांनी!”

त्यांना एक कल्पना सुचली. स्क्रू काढून त्यांनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला आणि पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला. टेबल करकरलं.

“अप्पा, तुमच्या डोळ्यांदेखत उघडतो. बघाच, कसं बरं वाटेल तुम्हाला.”

अप्पांचं बोट चादरीवर थडथड आपटू लागलं.

“आनंद मावत नाहीये,” चिरंजीव म्हणाले आणि पेचकसाने झाकण उचकटलं.

वर त्यांचीच साठ नाणी होती. त्यांनी ती ओंजळीने बाजूला केली. खाली पाती होती. त्यांच्या खालीही पाती, थेट तळापर्यंत. चकचकीत, धारेवर साबणाची जेमतेम पुसट रेघ असलेली हजारो पाती.

सूनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. चिरंजीवांचा हात आपसूक स्वतःच्या दाढीवर गेला आणि तिथेच राहिला.

अप्पांनी अंगात उरलेला सगळा जोर जिभेत आणला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच शब्द पुरा बाहेर पडला.

“बदल.”