धुरपताबाईची फुंकणी

"दाबू का जरा?" असं विचारून डॉक्टर रीताने धुरपताबाईच्या सुजलेल्या गालावर बोट टेकलं आणि बोटाखाली करकर वाजलं. मुरमुऱ्यांवर पाय पडावा तसं.

रीताने बोट मागे घेतलं. पुन्हा टेकलं. पुन्हा करकर. गालापासून मानेपर्यंत जिथे दाबावं तिथे म्हातारीची कातडी वाजत होती. दातांच्या डॉक्टरकीच्या पुस्तकात रीताने हे वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण बोटाला कळलं ते आज.

"मधमाशी चावली असंल, मॅडम," गजेंद्र म्हणाला. हा धुरपताबाईचा मुलगा. सालेकशाहून आईला मोटारसायकलवर बसवून कुडव्यातल्या दवाखान्यात आला होता. "काल पहाटे मोह वेचाले गेलती जंगलात. गेली तं बरी होती, आली तं अशी."

"मधमाशी नाही. हवा आहे ही."

"हवा?"

"कातडीखाली शिरलेली हवा."

चार दिवसांपूर्वी रीतानेच म्हातारीची खालची मागची दाढ काढली होती. जखम अजून ओली होती. तोंडाने जोर लावून फुंकलं, की हवा त्या जखमेतून आत घुसते आणि वाट मिळेल तिकडे चालू लागते.

"पंधरा दिवस काहीही फुंकायचं नाही, असं सांगितलं होतं की नाही मी?"

गजेंद्रने पिशवीतून लोखंडी फुंकणी काढली आणि टेबलावर आपटली. "सकाळी फोनवर तुमी विचारलं ना, काही फुकलं काय म्हणून, तवाच समजलो मी. चुलीजवळून उचलूनच आणली. घरी गॅस हाय, सून हाय. शेती सोडली, दाईपण सोडलं, माही शपथ घेऊन सोडलं. पण हिची चूल काही सुटून नाई रायली!"

धुरपताबाईचा एक डोळा सुजून मिटलेला, दुसरा वर पंख्याकडे. मोठी चिवट बाई. ओरडणाऱ्याचा घसा बसेल, पण हिचं तोंड उघडायचं नाही.

रीताने दोघांना गोंदियात स्कॅनला पाठवलं. दुपारी ते फिल्म घेऊन परत आले. तिने ती उजेडावर धरली. गालातून निघालेली हवा काळ्या रेघेसारखी गळ्याच्या कडेने उतरली होती, आणि थेट काळजापाशी जाऊन थांबली होती. एका म्हातारीची फुंकर, आणि केवढी लांब गेली! बाप रे! माणसाच्या आत एवढ्या वाटा असतात हे ठाऊक असूनही रीता नुसती बघत राहिली.

"हवा जिरेल," ती शेवटी म्हणाली. "पण तिच्यामागून तोंडातले जंतू छातीत उतरले, तर जिवावर बेतेल. आजच मोठ्या दवाखान्यात भरती व्हायचं. आणि आणखी एकदा फुंकलं, तर मग माझ्या हातात काही नाही."

गजेंद्रचा आवाज एकदम खाली आला. "माय, बोल ना वो. नाई फुकत म्हण."

धुरपताबाईने तोंड उघडलं, पण भलत्याच गोष्टीसाठी. "बाई, माह्या तोंडातली घाण लेकराले लागते काय?"

"नातवाला उष्टं भरवलंत वाटतं? काही होत नाही तेवढ्याने."

म्हातारीने मोठा सुस्कारा सोडला.

"आता मला वचन द्या," रीता म्हणाली. "फुंकणार नाही म्हणा."

"ते नाई देता येत."

"एका चुलीपायी मरशीन काय?" गजेंद्र ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. ते दिसू नयेत म्हणून तो पाय आपटत ऑटो बघायला बाहेर गेला.

रीताचंही डोकं तापलं. तिने फुंकणी उचलली, कचऱ्याच्या बादलीत टाकावी म्हणून. टाकता टाकता सहज डोळ्याला लावली. पलीकडचं काही दिसेना. बोट घालून पाहिलं तर आत वाळून दगड झालेली माती. कुंभारमाशीने घर करून नळी पार बुजवली होती, आणि त्यावर जाळी धरली होती. या फुंकणीतून कित्येक महिन्यांत कुणाचा श्वास गेला नव्हता.

"आजी," रीताने हळूच विचारलं, "मग फुंकलंत कशात?"

धुरपताबाईने आधी दाराकडे पाहिलं. गजेंद्र बाहेरच होता. मग तिने दोन्ही तळवे जोडून ओंजळ केली आणि रीतापुढे धरली.

"एवढीशी होती. संग आलेल्या पोरीले मोहाच्या झाडाखालीच झाली, दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबलीच नाई. रडूनच नाई रायली होती, बाई. तोंडात चार फुका मारल्या, तवा रडली."