बर्फाला एकच शब्द

"वर बर्फ आहे, खाली बर्फ आहे," चारुताच्या कानातलं दुभाषी यंत्र गोड आवाजात म्हणालं. ही यंत्रं आल्यापासून कुणी कुणाची भाषा शिकतच नव्हतं. साताऱ्याहून बारा ट्रेकर घेऊन लाहौलच्या उतारावर आलेल्या चारुतालाही वाट दाखवणाऱ्या पद्माताईंचा एक शब्द कळत नव्हता.

पद्माताई पुन्हा जीव तोडून ओरडल्या. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं.

"अहो ताई, बर्फ मलाही दिसतोय! पुढे जायचं का, ते सांगा!"

पद्माताईंचं डोकंच फिरलं. त्यांनी फावड्याने वरचा कडक पापुद्रा फोडला आणि खालचा चुरा चारुताच्या हातावर ओतला. तो रव्यासारखा सुटा होता, दाबला तरी चिकटेना. म्हणजे रव्यावर पापड ठेवलाय आणि त्यावरून बारा माणसं न्यायची!

"मागे फिरा सगळे!" चारुता किंचाळली. तिने यंत्र कानातून उपटलं. "मेल्या, बर्फाला एवढा एकच शब्द येतो तुला?"

सगळे कड्याआड पोचतात न पोचतात तोच अख्खा उतार तुटून दरीत कोसळला. पद्माताई काहीतरी ओरडल्या.

चारुताच्या मुठीतून गोड आवाज आला, "बर्फ पडत आहे."