फळ्यावरची चौथी चकती

वाशीच्या क्लबने बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ काढायचं ठरवलं आणि पाच तरुण मुलींचा क्रम लावायचं काम प्रशिक्षक अरविंद सरांकडे आलं. पहिल्या नंबरच्या मुलीभोवती सगळा संघ बांधला जाणार होता. फळ्यावर लोहचुंबकाच्या चकत्या होत्या, एकेकीवर एकेक नाव. भाविकाची चकती सगळ्यांत वर लागणार हे वॉचमनलाही माहीत होतं. सरांनी ती चौथी लावली. “सर, हे काय? माझ्याएवढी उडी इथे कोण मारतं?” भाविका भडकली. “उडी नाही, तू खाली कशी येतेस ते बघत होतो. नेहमी उजव्याच पायावर. डावा गुडघा कधीपासून दुखतोय?” तिने डावा पाय मागे घेतला. मग हळूच म्हणाली, “थोडासाच. खेळता येतं, सर. पहिला नंबर द्या ना.” “पहिल्या नंबरला दुखलं तरी कुणी बाहेर बसू देत नाही, पोरी,” स्वतःचा गुडघा धरून उठत सर म्हणाले. “मला विचार.”