बेनिताची शिकवणी

"मनगट सैल सोडू नकोस," डोना किटेरिया लेकीला म्हणाली. "नाहीतर फळी हातात फिरते."

बेनिताला सात वर्षं पूर्ण झाली म्हणून तिच्या मुठीच्या मापाची, गुलामांच्या तळहातावर मारायची शिसवी फळी करवून घेतली होती. पोर्तुगिजांच्या मकावमधल्या प्रत्येक बऱ्या घरात असते तशीच, वाटोळी, पाच भोकांची. भोकांत कातडी ओढली जाते आणि टपोरे फोड येतात. समोर रुफिना उजवा हात पुढे करून गुडघ्यांवर बसली होती. तिमोरहून विकत आणलेली ही बाई बेनिताची आया. पोर तिच्याच दुधावर वाढलेली.

काल पाहुण्यांसमोर बेनिताने "आया, तूपण घे ना" म्हणत तिला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. पाहुण्या बायका खो खो हसल्या. डोना किटेरियाला तेवढं पुरलं.

बेनिताने फळी नुसती टेकवली. रुफिना मोठ्याने विव्हळली.

"नाटकं बंद कर!" डोना किटेरिया म्हणाली. "पोरीच्या धाकात न राहणारी बाई मला घरात नको. मनिलाचं जहाज उद्या सुटतंय, कप्तान विकत घ्यायला बाई शोधतोच आहे. बेनिता, बारा फटके. जमत नसेल तर आत्ताच सांग, हिला आजच पाठवते."

"मला नाही मारायचं आयाला," बेनिता रडायला लागली.

मग रुफिनानेच तिची समजूत काढली. काय करणार बिचारी! या पोरीशिवाय तिला जगात होतं कोण?

"रडू नको, माझी बाय ती. हात खांद्यापासून उचल. हां, अस्सा. माझ्या तोंडाकडे बघूच नको, तळव्याकडे बघ. आया जायला नको ना तुला? मग मार बघू जोरात."

फटका बसला. दुसरा त्याहून बरा बसला. पाचव्याला फोड फुटला.

"शाबास," रुफिना दात आवळून म्हणत राहिली. "शाबास गं माझ्या सोन्या."

आठव्यापासून बेनिताचं रडणं थांबलं. दहाव्याला तिने आपणहून दोन पावलं मागे सरून फळी उचलली.

बारा झाले. डोना किटेरियाने लेकीचा मुका घेतला.

"जमलं की माझ्या राणीला! ऊठ गं तू. राहिलीस इथेच. जा, चुलीकडे बघ."

रुफिना हात पोटाशी धरून उठली. एवढं सोसूनही तिच्या तोंडावर हसू होतं.

"थांब गं, रुफिना," बेनिता म्हणाली. "डावा दे."