ओरड की, आई

धम्मदीपनं मॅरेथॉनची फीत तोडायची आणि त्याच्या आईचा, विठाबाईचा, घसा बसायचा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. निवृत्तीनंतर आज पोरगा पहिल्यांदाच पळत होता. गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये तो शिरला तशी ती खुर्चीवरच चढली. पुढं कुणी नव्हतं. फक्त एक काटकुळी पोरगी त्याच्या खांद्याला खांदा लावून पळत होती.

"धम्मा, टाक तिला मागं," विठाबाई ओरडली.

अन् ऐन फितीपाशी धम्मदीपनं पाऊल आखडतं घेतलं. फीत पोरीच्या छातीला लागली.

"हौला झालास का रे, येड्या?" विठाबाई तरातरा कठड्यापाशी आली. "हातची शर्यत घालवलीस."

"माझी नव्हतीच, आई. रेणूची होती." धम्मदीपनं मनगट वर केलं. त्याला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक पोरीच्या मनगटाला होतं. "तिला दिसत नाही. वाट दाखवणाऱ्यानं शेवटी मागं राहायचं, असा नियमच आहे."

रेणू धापा टाकत, मान वळवून कानोसा घेत होती.

"आता गप्प का?" धम्मदीप म्हणाला. "ओरड की, आई. आपण जिंकलो, हे तिला ऐकूनच कळणार आहे."