मागच्या सीटवरचं वजन

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या जुन्या गाडीला हुडहुडी भरली. आजारी बायकोला थरथर सोसवेना, आणि तिला एकदा समुद्र बघायचा होता. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टशी पिनियनचा, म्हणजे त्याच्या टोकाच्या दातेरी चक्राचा, कोन जुळत नव्हता. तो माणसांच्या वजनासकट मोजायचा असतो, म्हणून तिला मागच्या सीटवर बसवून मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. “हलू नकोस गं.” “हलले कुठे? नुसता श्वास घेतला.” “मग तोही बेतानं घे.” वरून खुदकन हसू आलं आणि पिनियनला टेकवलेल्या पाणसळीतला बुडबुडा डुलला. तो रेघेवर स्थिरावेपर्यंत मी कोन जुळवायच्या पाचरी बदलत राहिलो. मग गाडी होडीसारखी निघाली; बायको वाटभर झोपली, जागी झाली तेव्हा काचेत समुद्र होता. हल्ली मागची सीट रिकामी असते आणि गाडी थरथरते. कोन मी बदललेला नाही. बायको त्याच वर्षी, थंडीच्या सुरुवातीला वारली.