तळाचे थर

होडीच्या तळाचं जुनं ठिगळ सुटत आलं होतं. त्यातून कापलेली चकती तिने चिमट्यात पकडून गॅसच्या ज्योतीवर धरली. थर चिकटवणारं रेझिन जळून काळा धूर निघाला आणि मागे उरले नुसते काचेच्या कापडाचे थर.

"हे कशाला, ताई?" गिऱ्हाइकाने विचारलं. गिऱ्हाईक म्हटलं की घाई आलीच. "दुसरं ठिगळ मारून द्या की!"

"असं कसं? होते तेवढे थर घालावेच लागतात. एकावर भागवलं तर पहिल्या मोठ्या लाटेला तळ फुटेल, मग बसा बोंबलत."

तो हसला. तीही हसली आणि एकेक थर सोडवू लागली. सुट्या काचतंतूंची मॅट, विणलेलं कापड, पुन्हा मॅट. पुढच्या कापडाशी मात्र ती थबकली. ते तिरपं अंथरलेलं होतं.

सगळे कारागीर कापड सरळ अंथरतात. तिरपं अंथरणारा एकच माणूस तिला माहीत होता. तिचे बाबा.

ही शेड त्यांचीच. त्यांचा आवाज चढला की घरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेत नसे. बऱ्याच वर्षांपूर्वी ते एकटेच होडी घेऊन समुद्रात गेले. ना होडी सापडली, ना ते.

तिने होडीच्या बाजूचा पांढरा रंग खरवडून पाहिला. खाली निळा निघाला. बाबांच्याच होडीचा निळा! होडी गेली तेव्हा तळाला ठिगळ नव्हतं. आदल्या संध्याकाळी तळावर शेवटचा हात तिनेच तर फिरवला होता.

मन चिंती ते वैरी न चिंती. "होडी कुठून आणलीत?" तिने कसंबसं विचारलं.

"पलीकडच्या किनाऱ्यावर एक म्हातारा आहे, त्याच्याकडून. नाव काही सांगेना. पण तुमचा पत्ता त्यानेच दिला. म्हणाला, तिथली पोरगी थर बरोबर ओळखेल."

तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

"आलेच हं," म्हणत ती मागच्या खोलीत गेली. आतून कडी लावली आणि घरी फोन लावला.

"आई, बाबा जिवंत आहेत."

आई कुजबुजली, "अगं, कसं शक्य आहे? तळ आतून घासून तू एकच थर ठेवला होतास ना?"